पंधरावा लेख

रात्री साडेदहाला मेल आला. तुमच्या लेखाचा नवा संदर्भ सापडला आहे, एवढंच त्यात होतं, आणि खाली त्या नव्या पेपरचं नाव. लॅपटॉप मिटायला गेलेला हात तसाच थांबला. आधी पाहिलं ते आपला कुठला लेख आहे ते. मग प्रोफाइल उघडून त्या लेखासमोरचा आकडा पाहिला. तेराचे चौदा झाले होते. छातीत काहीतरी हलकं झालं. तो आनंद इतका साधा, इतका शरीरातून आलेला होता की तो झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आकडा पाहून झाल्यावर मी तो पेपर उघडला, त्यात स्वतःचं आडनाव शोधलं, आणि ते ज्या वाक्याच्या शेवटी कंसात बसलं होतं ते वाक्य वाचलं. नियमित आढावा बैठका घेतल्या की कर्मचारी मोकळेपणाने बोलू लागतात हे आता सिद्ध झालं आहे, असं ते वाक्य होतं. कंसात तीन नावं. मधलं माझं.

मी तसं लिहिलेलं नव्हतं.

माझा लेख संस्थांमधल्या मौनाबद्दल आहे. माणसांना कामाच्या जागी काहीतरी चुकतंय हे दिसतं आणि तरी ती गप्प राहतात, ते का, हा माझा विषय. त्या लेखात मी लिहिलं होतं की आढावा बैठकांमुळे माणसं मोकळी होतात असं म्हणण्याइतका आधार आपल्याजवळ नाही. बैठक भरते, सगळे बोलतात, इतिवृत्तात सगळ्यांची नावं येतात, आणि जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून सगळं बोलून माणसं उठतात, असंही होतं. तेव्हा किती बैठका झाल्या यावरून किती मोकळेपणा आहे हे ठरवू नका, एवढीच माझी विनवणी होती. त्यातला प्रत्येक 'कदाचित' मी विचार करून ठेवला होता. नव्या वाक्यात ते सगळे गळून पडले होते आणि उरलं होतं माझं आडनाव आणि साल. लेखिकेला दोन ओळींचं पत्र टाकायचं, की तुमच्याकडून नजरचुकीने असं झालंय, बस. मी लॅपटॉप मिटला, आणि ते पत्र पुढे अकरा दिवस लिहिलं नाही.

का लिहिलं नाही, याचं कारण त्या चौदा आकड्यात होतं. जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपले सगळे पेपर उतरत्या क्रमाने लावायचे, ज्याला सर्वांत जास्त सायटेशन्स, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत दिलेले हवाले, तो वर, आणि वरून खाली मोजत यायचं. पाचव्याला निदान पाच आहेत का, दहाव्याला निदान दहा आहेत का. जिथवर हे जमतं तिथला क्रमांक म्हणजे तुमचा एच-इंडेक्स. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही युक्ती सुचवली. माझा एच-इंडेक्स चौदा आहे. यादीत पंधराव्या जागी हा मौनाचा लेख आहे. त्याच्या वरच्या सगळ्यांना पंधरा किंवा त्याहून जास्त आहेत. अडून बसलाय तो हा एकटा. त्याला आणखी एक मिळालं की मी पंधरावर जाणार. ते चुकीचं वाक्य दुरुस्त झालं आणि माझं नाव तिथून निघालं, तर तो पुन्हा तेरावर. हा हिशेब मी बसून मांडला नाही. लॅपटॉप मिटण्याआधीच तो मनात होऊन गेलेला होता.

सकाळी उठल्यावर अंधारातच फोनचा उजेड डोळ्यांवर घ्यायचा आणि प्रोफाइल उघडायचं, ही सवय मला कधी लागली ते सांगता येत नाही. संशोधन-लेख शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरने ही प्रोफाइलं २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. त्याआधी आपला लेख कुणी वापरला हे कळायचं ते कुणी भेटल्यावर सांगितलं तर, किंवा ग्रंथालयात बसून बारीक टाइपातल्या जाड सूची उलटल्या तर. आता एका बाजूला करड्या रंगाचे स्तंभ उभे असतात, दर वर्षाचा एक. गेल्या वर्षीचा माझा स्तंभ त्याच्या आदल्या वर्षीच्या स्तंभापेक्षा किंचित बुटका आहे. त्याबद्दल मला कधी कुणी काही म्हटलेलं नाही. तरी तो बुटकेपणा वर्गात शिकवताना मध्येच आठवतो, आणि वाक्य क्षणभर अडतं.

हिर्श यांनी आपल्या मूळ लेखातच बजावलं होतं की एका आकड्यात माणसाचं काम फक्त ढोबळमानाने मावतं. पण त्याच लेखात, भौतिकशास्त्रापुरते, कायम नेमणुकीसाठी साधारण बारा आणि पूर्ण प्राध्यापकपदासाठी साधारण अठरा असे अंदाजही होते. इशारा मागे राहिला, बारा आणि अठरा पुढे निघून गेले. २०२० मध्ये त्यांनीच लिहिलं की हा आकडा साफ फसू शकतो आणि त्याचे गंभीर, कुणाच्या मनातही नसलेले परिणाम होऊ शकतात. स्वतःच्या हातून सुटलेल्या गोष्टीबद्दल असं जाहीरपणे लिहायला धैर्य लागतं. ते वाचलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

त्या अकरा दिवसांत मी आणखी एक जुना लेख पुन्हा काढून वाचला, यूजीन गारफिल्ड यांचा, १९५५चा. सायटेशन मोजण्याची ही सगळी व्यवस्था जिथून निघाली ती ही जागा. गारफिल्डना नमुना सापडला होता तो वकिलांकडे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून न्यायनिवाड्यांची एक सूची काढायला सुरुवात केली होती: अमुक निवाड्याचा उल्लेख पुढे कुठकुठल्या निवाड्यांत आला. वकिलाला त्यावरून कुणाचा मोठेपणा ठरवायचा नसतो. ज्या निवाड्याच्या जोरावर तो कोर्टात उभा राहणार तो अजून टिकून आहे की फिरवला गेलाय, हे त्याला उभं राहण्याआधी कळायला हवं असतं. म्हणून त्या सूचीत नोंदींना बारीक खुणेची अक्षरं असत. इथे हा निवाडा मानला. इथे त्यावर टीका केली. इथे तो रद्द ठरवला. गारफिल्डना शास्त्रज्ञांसाठी हेच हवं होतं. एखाद्या लेखावर नंतर काय आक्षेप आले हे वाचणाऱ्याला सापडावं, म्हणजे खोट्या, अपुऱ्या, शिळ्या माहितीचे डोळे मिटून दिलेले हवाले थांबतील. १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स बाहेर पडली. वकिलांच्या सूचीतली ती बारीक अक्षरं मात्र तिच्यात उतरली नाहीत. कोण कुणाचा हवाला देतो ते आलं, कशासाठी देतो ते राहून गेलं. आमचं बरंचसं दुखणं त्या राहून गेलेल्या अक्षरांत आहे असं मला वाटतं. मनापासून घेतलेलं नाव, शंका म्हणून घेतलेलं नाव, खोडून काढण्यासाठी घेतलेलं, रीत म्हणून घेतलेलं, न वाचता घेतलेलं. सगळ्यांचं वजन सारखंच. एक.

ती अक्षरं मी एके ठिकाणी पाहिली आहेत.

माझ्या गाइड मॅडमच्या टेबलाला एक खोल खण होता आणि त्यात शेकडो कार्डं उभी लावलेली. खण ओढला की जुन्या कागदाचा आणि शाईचा एक कोरडा वास यायचा. प्रत्येक कार्डावर एक पेपर: लेखक, साल, चार ओळींत म्हणणं काय आहे ते, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात एक अक्षर. 'वा' म्हणजे अथपासून इतिपर्यंत वाचला. 'चा' म्हणजे चाळला. 'ऐ' म्हणजे ऐकीव, दुसऱ्या कुणाच्या लेखातून कळलेला. मी पहिलं प्रकरण लिहून नेलं तेव्हा मॅडमनी मजकूर बाजूला ठेवला आणि संदर्भसूची माझ्यापुढे सरकवून प्रत्येक नावापुढे पेन्सिलने अक्षर घालून आणायला सांगितलं. त्रेसष्ट संदर्भ होते. 'वा' बावीस निघाले. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आपण ज्याचं नाव घेतो तो आपल्या वाक्याला जामीन राहतो. त्याला न भेटता जामीन ठेवू नकोस." मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दुसरंच काही बोलू लागल्या. उरलेले एकेचाळीस वाचायला मला पाच महिने लागले. त्यातले नऊ मी सूचीतून काढून टाकले, कारण मी त्यांच्या तोंडी घातलं होतं ते त्यांनी म्हटलेलंच नव्हतं.

मॅडमची स्वतःची प्रकाशनांची यादी दीड पानाची आहे. आमच्या विषयात हे पुष्कळांचं होतं. एखाद्या संस्थेत शिरून तिथल्या माणसांशी बोलायची परवानगी मिळेपर्यंत वर्ष जातं. मिळते तोवर वरचा अधिकारी बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळं पार पडलं तर शेवटी अहवाल तयार होतो आणि त्याच्या पहिल्या पानावर गोपनीय असा शिक्का बसतो. दार लावून घेऊन माणसांनी जे सांगितलं ते छापायचं नाही असा शब्द आपण दिलेला असतो. मॅडमनी असे शब्द आयुष्यभर दिले आणि पाळले. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ यांचा इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवरचा १९५१चा लेख त्या दर वर्षी शिकवायच्या. केन बॅमफोर्थ संशोधक होण्याआधी अठरा वर्षं खाणीत काम केलेला माणूस. लहान गटात, एकमेकांच्या जिवाची काळजी घेत कोळसा काढणारी माणसं नव्या पद्धतीत तीन पाळ्यांत विभागली गेली, आणि एका पाळीने अर्धवट टाकलेलं काम दुसरीच्या बोकांडी बसू लागलं. दोष कुणाचा हे ठरेना, आणि माणसं एकमेकांना पारखी झाली. मॅडम म्हणायच्या, या लेखाच्या मागची अठरा वर्षं वाचा. वर्गात कुणीतरी विचारलं, म्हणजे कुठल्या पानावर? मॅडमनी त्या मुलाकडे फार मायेने पाहिलं होतं.

न वाचता नाव घेणं किती खोलवर गेलंय हे पुढे कळत गेलं. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एका गाजलेल्या पेपरच्या हवाल्यांमधल्या छपाईच्या चुका गोळा केल्या. एकाने पानाचा आकडा चुकीचा लिहिला की पुढचे किती जण तोच चुकीचा आकडा उतरवतात, यावरून त्यांनी अंदाज बांधला की हवाला देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने मूळ लेख उघडला असावा. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी उजेडात आणलेली दुसरी हकिकत तर मला रात्री आठवली की अजून कसंतरी होतं. वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा, २००० सालचा म्हणून नोंदवलेला एक लेख शेकडो पेपरांच्या संदर्भसूचीत आहे. तो लेख कधी लिहिलाच गेला नाही. एका प्रकाशकाने संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून लेखकांना दिलेली ती एक काल्पनिक ओळ होती. नमुना पुसायचा राहिला, आणि ती ओळ खऱ्या लेखांच्या शेजारी जाऊन बसली.

मास्लो या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर असलेल्या माणसाच्या गरजांच्या पिरॅमिडचं तर मीच केलं. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मी फळ्यावर तो त्रिकोण काढत आले, पाच आडव्या पट्ट्या, तळाशी पोटाची भूक आणि टोकाला आत्मसाफल्य, आणि खाली लिहीत आले: मास्लो, १९४३. पुढे २०१९ मध्ये तिघा अभ्यासकांनी हा त्रिकोण मुळात कुणी काढला याचा माग काढला. मास्लोने तो काढलेलाच नव्हता. माग जाऊन पोचला तो १९६०च्या एका लेखापर्यंत, चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या एका सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या. ते वाचून मी १९४३चा मूळ लेख काढला. माझ्या मनातल्या कार्डावर त्याच्या कोपऱ्यात इतकी वर्षं 'वा' होता. तो 'ऐ' असायला हवा होता. मूळ लेखात त्रिकोण तर नाहीच, पण एक गरज पुरी भागल्याशिवाय दुसरी उगवतच नाही असा जो कडकपणा आम्ही शिकवतो तोही नाही. मास्लो तिथे पुष्कळच सैल, पुष्कळच माणसासारखा बोलतो. त्या दुपारी मला त्याची माफी मागावीशी वाटली.

हे सगळं आमच्याच शाखेच्या डोळ्यांपुढे आहे, याचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो. स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्येच लिहिलं होतं की संस्था एका गोष्टीची आशा धरतात आणि बक्षीस दुसऱ्याच गोष्टीला देतात, आणि त्यांच्या उदाहरणांत विद्यापीठंही होती: आशा चांगल्या शिकवण्याची, बक्षीस प्रकाशनांना. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञानेही त्याच दशकात सांगून ठेवलं की एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त लटकवाल तितका तो आकडा बिघडत जाईल. आम्ही हे परीक्षेत विचारतो. दुसऱ्यांच्या कारखान्यांना, रुग्णालयांना, कचेऱ्यांना जाऊन समजावतो. मग आपल्या इमारतीत परत येऊन निवड समितीच्या तक्त्यात एच-इंडेक्सचा रकाना भरतो.

एमी एडमंडसन यांचं रुग्णालयांमधलं काम मी ज्या तळमळीने शिकवते तितक्या तळमळीने दुसरं काही शिकवत नसेन. चांगल्या गटांमध्ये औषधांच्या चुका कमी होत असतील असं गृहीत धरून त्या आकडे पाहायला गेल्या, आणि आकडे उलटे आले: जिथे गट चांगला तिथे चुका जास्त. कोड्यात पडून त्या थांबल्या नाहीत, वॉर्डांमध्ये काय चालतं ते पाहायला लावलं. तेव्हा उलगडलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. दुसरीकडे परिचारिकांना सांगायची भीती वाटत होती. हे १९९६ मध्ये छापून आलं, आणि त्यातूनच १९९९चा त्यांचा मानसिक सुरक्षिततेवरचा लेख आला, जो आज आमच्या क्षेत्रात सगळीकडे आहे. मी मुलांना सांगते की तोच आकडा दोन वॉर्डांत दोन निरनिराळ्या गोष्टी बोलतो, म्हणून आकड्यापाशी थांबू नका, जाऊन विचारा. त्या अकरा दिवसांतल्या चौथ्या की पाचव्या दिवशी हे शिकवत असताना माझा घसा एकदम कोरडा पडला. मौनावर लिहिणारी मी, एक चूक डोळ्यांदेखत पाहून गप्प होते. मला कुणाची भीती नव्हती. वर कुणी साहेब बसलेला नव्हता. गप्प राहण्याची जेवढी कारणं आमच्या पुस्तकांत आहेत त्यांत हे माझं कारण कुठे बसेना: चूक माझ्या फायद्याची होती.

आकड्यांविरुद्ध बोलणं सोपं आहे आणि मला ते अर्ध्याहून पुढे नेता येत नाही. मी निवड समित्यांवर बसले आहे. आकडे नव्हते तेव्हा तिथे काय चालायचं ते मी पाहिलंय. कुणाचा विद्यार्थी, कुणाच्या हाताखाली काम केलं, फोन कुणाचा आला. एकदा एक मुलगी मुलाखतीला आली. तिच्या गाइडचं नाव समितीत कुणाला ठाऊक नव्हतं, तिच्या विद्यापीठाचं नाव ऐकून एकाने चष्मा पुसायला घेतला. मग कुणीतरी तिच्या एका पेपरची सायटेशन्स वाचून दाखवली. खोलीतली माणसं खुर्चीत सरळ झाली. तिच्या बाजूने बोलायला त्या दिवशी तो एक आकडा सोडून कुणी नव्हतं. तिचा पेपर त्या खोलीत मीसुद्धा वाचलेला नव्हता, हेही तितकंच खरं. तिला न्याय मिळाला आणि वाचक मिळाला नाही. या दोन गोष्टींची वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

आणि नावांचं काय. लिलियन गिलब्रेथ यांचं व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक १९१४ मध्ये आलं ते एल. एम. गिलब्रेथ या नावाने. लेखिका बाई आहे हे दिसू नये अशी प्रकाशकांची अट होती. आज आमच्या संदर्भसूचीत सगळ्यांचीच आद्याक्षरं असतात, म्हणून तिथे हात पोचला की मी थबकते. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये मॅथ्यू परिणाम मांडला: ज्याचं नाव आधीच मोठं, श्रेय त्याच्याकडेच वाहत जातं. त्या लेखाचा फार मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती होत्या. हा लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता, असं मर्टन यांनीच पुढे लिहिलं. तरी हवाला आजही मर्टन, १९६८ असाच दिला जातो. मीही तसाच दिला आहे, तीनदा.

बाराव्या दिवशी सकाळी फोन न उघडता मी टेबलाशी बसले आणि पत्र लिहिलं. पेपरबद्दल अभिनंदन, अमुक पानावरचं अमुक वाक्य, माझं म्हणणं थोडं वेगळं होतं. सोबत माझ्या लेखाची प्रत जोडली. दोन तासांत उत्तर आलं. "मॅडम, मनापासून माफ करा. तुमचा मूळ लेख मी वाचला नव्हता. आमच्याकडे त्या जर्नलची वर्गणी नाही, आणि पैसे भरल्याशिवाय तो उघडत नव्हता. ते वाक्य मी एका आढावा-लेखातून घेतलं." पुढे त्या आढावा-लेखाचं नाव आणि पान दिलं होतं. तिचा राग येईना. मी तो आढावा-लेख शोधून उघडला. चार वर्षांपूर्वीचा. वाक्य तिथे होतं, जवळजवळ त्याच शब्दांत, तीच तीन नावं, मधलं माझं. आणि पहिल्या पानावरचा गोषवारा वाचता वाचता हाताला घाम आला, कारण तो मी आधी वाचलेला होता.

छापून येण्याआधी तो लेख रिव्ह्यूसाठी माझ्याकडे आला होता.

जुनी फाइल सापडली. मी दिलेले शेरे तीन पानांचे होते, बारा मुद्दे. नमुना निवडीबद्दल, एका कोष्टकातल्या विसंगतीबद्दल, दोन ठिकाणी भाषेबद्दल. मेहनत घेतलेली दिसत होती. माझ्या लेखाच्या त्या हवाल्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मग हस्तलिखित उघडलं. वाक्य त्यातही तसंच होतं. आणि मला ती संध्याकाळ आठवली. फाइल उघडल्याबरोबर मी थेट शेवटच्या पानावर गेले होते, संदर्भसूचीवर. आपलं आडनाव आहे का पाहिलं होतं. होतं. त्या रात्री मेल आल्यावर छातीत जे हलकं झालं ते मला इतकं ओळखीचं का वाटलं होतं, ते आता कळलं. नाव सापडलं, मन निवलं, आणि ते कुठल्या वाक्याला जामीन ठेवलंय हे पाहायला मी परत मागे गेलेच नाही.

रिव्ह्यूअरचं नाव गुप्त असतं. हे कुणाला कधी कळलं नसतं. मी त्या जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं, वाक्य चुकीचं आहे म्हणून आणि ते माझ्या हातून सुटलं म्हणून, दोन्ही. ते पाठवताना बोट फार वेळ कळीवर राहिलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या मुलीचं मात्र संध्याकाळी दुसरं पत्र आलं. जर्नलला दुरुस्ती कळवते आहे, तर वाक्य बदलू की तुमचं नाव काढू, असं तिने विचारलं होतं. वाक्य बदललं तर चौदा राहतात, नाव काढलं तर तेरा. मी बराच वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग लिहिलं, लेख आता तुमच्याकडे आहे. तो वाचा, आणि तुमच्या म्हणण्याला त्याची गरज आहे का ते तुम्हीच ठरवा.

ते पाठवल्यावर लक्षात आलं की तिच्या पेपरमधलं मी एकच वाक्य वाचलंय. सत्तावीस पानांतलं एक. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा तो कार्डांचा साठा त्यांनी मला दिला होता, आणि शेवटी बांधलेल्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा अजून तसाच होता. एक काढलं. तिचं नाव लिहिलं, साल लिहिलं, पेपरचं शीर्षक लिहिलं, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तिसऱ्या पानावर तिने बैठकीनंतर दारापाशी रेंगाळणाऱ्या माणसांबद्दल लिहिलंय. बैठकीत न बोललेलं तिथे, उभ्याउभ्या, एकाच माणसाला सांगितलं जातं, आणि मोजणाऱ्याच्या वहीत ते कधी येत नाही. इतकी वर्षं या विषयात काढून मला हे सुचलं नव्हतं. मी कार्डावर चार ओळी लिहिल्या. मग पुढचं पान. आता रात्र बरीच झाली आहे, शेवटची सहा पानं राहिली आहेत, आणि कार्डाचा उजवा कोपरा अजून कोरा आहे.